सहापासून बावीसपर्यंत

हनीफ मिस्त्रींना स्कूटर कानाने कळायची. आकुर्डीच्या नाक्यावर चिंचेखाली चार पत्र्यांचं त्यांचं गॅरेज होतं. निगडीच्या बाजूने एखादी स्कूटर येऊ लागली, की ती दिसायच्या आधीच, हातातलं काम न थांबवता ते जाहीर करायचे, "प्लगवर काजळी धरलीय. इथपर्यंत पोचत नाही ती." आणि खरंच, दहा मिनिटांनी कुणीतरी घामाने निथळत, स्कूटर ढकलत चिंचेखाली हजर व्हायचं.

"कान मोठा गुणाचा आहे," त्यांची बायको सलिमा म्हणायची. "फक्त त्याला पेट्रोलवर चालणारंच ऐकू येतं. घरातलं तेल संपलंय हे मी तीन दिवस सांगतेय."

सलिमा हे पडद्यामागून म्हणायची. गॅरेजच्या मागच्या खोलीत त्यांचं घर, मध्ये गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडे मिस्त्री स्कूटरी उघडायचे, पलीकडे सलिमा मशीनवर स्कूटरच्या सीटची रेक्झिनची कव्हरं शिवायची. दोघांची भांडणं पडदा न उचलता व्हायची, आणि गिऱ्हाइकांना ती ऐकायची सवय झाली होती. एखादा दिवस शांत गेला तर लोक विचारायचे, "मिस्त्री, वहिनी माहेरी गेल्या वाटतं?"

हनीफ मूळचे जुन्नरकडचे, आतार. त्रेसष्ट साली चिंचवडला एका सायकलवाल्याकडे पंक्चर काढायला लागले. पुढे माळावर कारखाने उभे राहिले, स्कूटरची कंपनी आली, आणि जो तो कंपनीत चिकटायला धावू लागला. हनीफही एकदा इस्त्रीचा सदरा घालून गेले होते. त्याबद्दल गिऱ्हाइकांना ते सांगत ते असं: "कंपनीला मीच नको म्हटलं. भोंग्यावर उठा, भोंग्यावर जेवा. माणूस आहे की कोंबडा?"

खरी हकीकत सलिमाच्या ट्रंकेत होती. फाटकावरच्या बाबूने छापील अर्ज पुढे केला होता आणि "भरा" म्हणाला होता. दुसरीतून शाळा सुटलेल्या हनीफना आकडे तेवढे वाचता यायचे. अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. त्यांनी तो कागद उलटसुलट बघितला, नीट घडी केली, खिशात घातला आणि घरी आले. अर्ज अजून कोराच होता. ट्रंक आवरताना तो हाताला लागला, की सलिमा काही न बोलता परत तळाशी ठेवायची. नवऱ्याला चिडवायच्या शंभर जागा तिला ठाऊक होत्या. ही त्यातली नव्हती.

चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलात त्यांची एकुलती एक नजमा साडेचार वर्षांची झाली. तेव्हा हनीफ एवढंच म्हणाले, "ही पोरगी कुठल्या फाटकावरून परत यायची नाही." हे त्यांनी एकदाच म्हटलं. एरवी ते प्रत्येक गोष्ट तीनदा म्हणायचे, त्यामुळे सलिमाने ते फार मनावर घेतलं.

पहिलं फाटक होतं शालनबाईंचं.

शालनबाई म्हणजे निवृत्त मास्तरीण. कामगार कॉलनीच्या समाजमंदिरात त्यांची बालवाडी भरायची. तीस मुलं आणि तीस बस्करं. कंपनीच्या कॅन्टीनमधल्या जुन्या सतरंज्या कापून शिवलेली. प्रत्येक बस्करावर आकडा होता, तोही कंपनीच्या पेंटरने लाकडी खोक्यांवर नंबर मारायच्या साच्यातून मारलेला, म्हणून इंग्रजी. शालनबाईंना ते पसंत नव्हतं, पण फुकटच्या रंगाला नावं ठेवू नयेत म्हणून त्यांनी चालवून घेतलं होतं. नियम मात्र त्यांचा स्वतःचा आणि पक्का: मुलाने आपलं बस्कर आपण ओळखायचं, आपण आणायचं आणि आपण बसायचं. हाताला धरून बसवायचं नाही.

"हाताला धरून बसवलेलं मूल हाताला धरूनच उठतं," त्या म्हणायच्या. "मग माझ्याकडे राहतं काय?"

एप्रिलात सलिमा नजमाला घेऊन गेली, तेव्हा शालनबाईंनी वाकून विचारलं, "नाव काय गं तुझं?"

नजमा सलिमाच्या पदराआड गेली. बाहेर राहिला एक डोळा.

"बोलत नाही का?"

"घरी बोलते की बाई! गप्प बसवायला तोंडात भाकरी द्यावी लागते."

"इथं तर भाकरी न देताच गप्प आहे," शालनबाई म्हणाल्या आणि त्यांनी वही उघडली. "हे बघा. कॉलनीतली एकोणतीस मुलं झाली. एक बस्कर उरलंय, आणि यादीत एका फिटरचा मुलगाही आहे. जूनमध्ये पहिल्या दिवशी आणा हिला. स्वतः नावगाव सांगितलं, विसापर्यंत मोजलं आणि स्वतः जाऊन बसली, तर बस्कर हिचं. नाही तर दुपारी मी फिटरच्या घरी निरोप पाठवीन. मग पुढच्या वर्षी."

सलिमा घरी आली ती पाटी-पेन्सिल घेऊनच. आठ दिवस तिने पाटीवर आकडे काढले. नजमाने त्या प्रत्येक आकड्याला दोन चाकं काढली.

"पाटीवर कुणी शिकतं का?" पडद्याच्या अलीकडून आवाज आला. "मला कार्बोरेटर कुणी पाटीवर काढून दाखवला होता?"

"तुमच्याकडे होती ना पाटी, दुसरीत? तिचं काय झालं?"

"फुटली."

"आपोआप?"

"सलिमा, विषय पोरीचा आहे. तू मोजणीचं खातं माझ्याकडे दे. बोलण्याचं तू घे. बोलण्यात तुझ्यापुढे कोण जाणार?"

अशी कंपनीसारखी खाती पडली. सलिमाने पहिलं फर्मान काढलं: जूनपर्यंत घरात मराठीतच बोलायचं, दखनी बंद. हनीफ पहिल्याच दिवशी जेवताना दखनीत बोलले आणि दुसऱ्यांदा कालवण मिळायला त्यांना तेच वाक्य मराठीत म्हणावं लागलं. नजमाला हा खेळ फार आवडला. ती बापाच्या तोंडाकडे टक लावून बसायची आणि एक शब्द घसरला की ताट ओढून घ्यायची.

सलिमाचा दुसरा खेळ होता गिऱ्हाईक-गिऱ्हाईक. नजमाने पडद्याबाहेर जायचं, तोंडाने फुर्रफुर्र करत यायचं, आणि पडद्यापुढे उभं राहून मोठ्याने बोलायचं. आत सलिमा मिस्त्री होऊन बसायची. बोट गालाला, एक भुवई वर, हुबेहूब हनीफ.

"कोण आहे?"

"मी."

"मीला मी ओळखत नाही. नाव सांगा. ऐकू आलं नाही, ही मशीन बघा केवढी वाजते! जोरात!"

"नजमा हनीफ आतार!"

"कुठून आलात?"

"चिंचेखालून!"

"काय होतंय?"

इथे नजमाची कळी खुलायची. कधी ब्रेक लागत नसे, कधी हॉर्न रडत असे. सलिमा मग तिला रेक्झिनचे तुकडे उचलायला लावायची: "लाल सीट की हिरवी? अर्धी घडी घाल. आता त्याचीही अर्धी." पंधरा दिवसांत पोरीचा आवाज एवढा मोकळा झाला, की नाक्यावरचा पानवाला दुकानातून ओरडायचा, "नजमाबाई, तुमची गाडी झाली का?"

हनीफच्या खात्यातही काम जोरात होतं. त्यांच्याकडे दुतोंडी पान्यांचा एक सेट होता: आठ पाने, प्रत्येकाच्या दोन टोकांना दोन नंबर. सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा, असं करत करत अठरा-एकोणीस आणि शेवटचा जाडजूड वीस-बावीस. भिंतीवरच्या फळीवर आठ खिळे, खिळ्याखाली प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली. संध्याकाळी गॅरेज आवरताना नजमाने पाने फडक्याने पुसायचे, नंबर मोठ्याने म्हणायचा, आणि पाना त्याच्या आकृतीवर टांगायचा. सहा-सात उपाशी पोरासारखा किडकिडीत, म्हणून त्याला ती आधी टांगायची. वीस-बावीसला ती दोन्ही हातांनी उचलायची आणि गॅरेजच्या सगळ्यात धिप्पाड गिऱ्हाइकाच्या नावाने म्हणायची, "हे हिंदुरावकाका."

फळीवर नव्हता तो एकच, प्लग पाना. नळीसारखा, वीतभर लांब. त्याची जागा मिस्त्रींच्या मागच्या खिशात. दिवसातून वीस वेळा लागायचा, मग टांगायचा कुठे? महिन्यातून एकदा तो खिसा फाडून खाली पडायचा आणि सलिमा खिशाला आतून रेक्झिनचं ठिगळ लावायची.

"दुसऱ्यांच्या नवऱ्यांच्या खिशात रुमाल असतो," ती दोरा तोडत म्हणायची.

हनीफच्या शिकवण्याचा कायदा एकच होता. नजमाने एखादा पाना उचलून "हाच का?" असं विचारलं, की ते मान वर न करता म्हणायचे, "मला काय विचारतेस? नटाला विचार. लावून बघ. बसला तर खरा. माणसाच्या शब्दावर जायचं नाही, कुणाच्याच." नजमा लावून बघायची. पाना नुसता फिरला तर मोठा, चढलाच नाही तर लहान. मे संपेपर्यंत ती लांबून नट बघून नंबर सांगू लागली. हनीफ गिऱ्हाइकांपुढे तिची परीक्षा घ्यायचे आणि स्वतःच वाहवा म्हणायचे.

अशाच एका सकाळी मोशीचे हिंदुराव चिंचेखाली बसले होते. कांद्याचे बागाईतदार, देह वीस-बावीस पान्यासारखाच. नंबर लावून आठ वर्षांनी त्यांना स्कूटर मिळाली होती, आणि इंद्रायणीच्या चढाला ती दर आठवड्याला बसायची. हनीफ तिचा प्लग काढत होते. फळीपुढे नजमाची उजळणी चालू होती.

"...अठरा, एकोणीस, वीस, बावीस! झालं!"

"अगं पोरी, मधी एकवीस ऱ्हायला की!" हिंदुराव म्हणाले.

नजमाने फळीकडे बघितलं, मग बापाकडे. "अब्बा, एकवीस?"

"एकवीस नसतो," हनीफ म्हणाले.

"नसतो कसा? आँ? माज्या आज्यापासून एकवीस हाय."

"तुमच्या कांद्यात असेल, हिंदुराव. आमच्या धंद्यात नसतो. पान्याची कंपनी बनवतच नाही. विसानंतर बावीस. शिकलेली माणसं आहेत ती, उगीच सोडतील का?"

"मिस्त्री, लेकराला उलटं नका शिकवू."

हनीफनी प्लग पान्याला झटका देऊन प्लग मोकळा केला, फुंकर मारली, आणि त्या पान्यानेच हिंदुरावांच्या स्कूटरकडे बोट करावं तसं केलं. "ह्या अख्ख्या गाडीत एकवीसचा नट दाखवा. वर्षभर फुकट दुरुस्त करीन. आहे कबूल?"

"आता मी कुटं हुडकू! मला चाकं किती त्येवढंच ठावं हाय."

"मग झालं तर. ऐकलंस, बेटा? एकवीस नसतो."

"नसतो," नजमा म्हणाली, आणि बावीसचं टोक वर करून पाना टांगला.

जूनमधल्या त्या सोमवारी सलिमाने नजमाला स्वतः शिवलेला हिरवा फ्रॉक घातला. हनीफनी सदऱ्याला इस्त्री करून घेतली. कोळशाची इस्त्री फिरताना सलिमाला कंपनीच्या फाटकावर घालून गेलेला तो सदरा आठवला; तिने तो विचार घडीत दाबून टाकला. हिंदुरावांची स्कूटर आदल्या दिवसापासून गॅरेजातच होती. "ट्रायल घ्यायचीच आहे," असं म्हणत हनीफनी तिघांची ट्रायल घेतली: पुढे नजमा उभी, मागे सलिमा.

समाजमंदिरात एकोणतीस मुलं आपापल्या बस्करावर बसली होती. शालनबाईंच्या टेबलापुढे आतार कुटुंब उभं राहिलं. नजमाचा हात सलिमाच्या पदराकडे निघाला. सलिमाने बोट गालाला लावलं, एक भुवई वर केली आणि पुटपुटली, "गिऱ्हाईक."

"काय गं, आज तरी नाव सांगणार का?" शालनबाईंनी विचारलं.

"नजमा हनीफ आतार!" आवाज एवढा खणखणीत, की मागच्या रांगेतलं एक मूल दचकून उभं राहिलं.

"वा! आणि राहतेस कुठे?"

"चिंचेखाली! चालू होत नाही!"

शालनबाईंचा चष्मा खाली आला. "काय चालू होत नाही?"

"सकाळी! थंड असताना! किक मारून मारून पाय दुखले!"

हनीफनी सलिमाकडे बघितलं. सलिमा छताचे वासे मोजत होती.

"बरं, बरं. बघू हं, काय करता येतं," शालनबाई अत्यंत गंभीरपणे म्हणाल्या. "आता मला मोजून दाखव. विसापर्यंत."

हनीफची छाती पुढे आली. हे त्यांचं खातं.

नजमाने श्वास घेतला. "सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा..." एकाही ठिकाणी न अडखळता ती एकोणीसपर्यंत आली. "वीस, बावीस! झालं!"

सलिमाची मान हळूहळू नवऱ्याकडे वळली.

"सहापासून?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"सेटच सहापासून आहे."

"आणि पाचपर्यंतचे?"

"ते काय... ते पोरं पोटातूनच शिकून येतात. मला वाटलं, तू..."

"मोजणीचं खातं कुणाचं होतं?"

"बेटा," शालनबाईंनी त्या दोघांना हाताने थांबवलं. "एक, दोन, तीन, चार, पाच राहिले ना?"

नजमाला त्यांची कीव आली. "ते भाकरीचे असतात. एक भाकरी, दोन भाकरी. हे पान्याचे."

शालनबाईंनी चष्मा वर सरकवला. चाळीस वर्षांत त्यांनी शेकडो मुलांकडून पाढे वदवून घेतले होते. "अस्सं. मग मला सांग, अकरा मोठा की चौदा?"

"चौदा."

"कशावरून?"

"अकराच्या नटाला चौदा लावला तर नुसता फिरतो. धरत नाही. आणि चौदाच्या नटावर अकरा चढतच नाही."

"वर्गात कुणी सांगेल का, चौदा मोठा की अकरा?" शालनबाईंनी मुलांकडे वळून विचारलं. एकोणतीस मुलांनी एका सुरात एकपासून म्हणायला सुरुवात केली. शालनबाईंनी त्यांना कसंबसं थांबवलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. "मिस्त्री, एक ते पाच माझ्यासाठी ठेवलेत ते बरं केलंत. नाही तर मी करायचं काय? जा नजमा, तुझं बस्कर घे. कोपऱ्यात आहे. एकवीस नंबर."

हनीफनी निःश्वास सोडला. सलिमाने डोळ्यांना पदर लावला. नजमा कोपऱ्यात गेली, बस्कराकडे बघितलं आणि रिकाम्या हाताने परत आली.

"एकवीस नसतो," ती म्हणाली.

"असतो गं. ते काय, त्यावर लिहिलंय."

"नसतो. कंपनी बनवतच नाही."

"कोण म्हणालं?"

नजमाने बोट दाखवलं. इस्त्रीच्या सदऱ्यातल्या हनीफ मिस्त्रींची कॉलर अचानक घट्ट झाली.

"मला बावीस द्या," नजमाने तोडगा काढला. पण बावीसवर एक गुबगुबीत मुलगा मांडी घालून बसला होता. त्याने दोन्ही हातांनी बस्कर धरून ठेवलं.

"मिस्त्री," शालनबाई म्हणाल्या, "नियम सगळ्यांना सारखा. हिनं आपण होऊन बसलं पाहिजे. मी बळंच बसवणार नाही, तुम्हीही बसवायचं नाही. मधली सुट्टी बारा वाजता. तोवर बस्कर रिकामं राहिलं, तर मला फिटरकडे निरोप पाठवावा लागेल."

हनीफ गुडघ्यांवर बसले. "बेटा, बस. असतो एकवीस."

"तुम्ही तर म्हणालात नसतो. हिंदुरावकाकांना पण म्हणालात. शिकलेली माणसं उगीच सोडतील का, म्हणालात."

हनीफनी सलिमाकडे बघितलं. मदत आली नाही. शालनबाईंकडे बघितलं. त्या चष्मा पुसत होत्या. एकोणतीस मुलं ऐकत होती. गिऱ्हाइकाला आपली चूक कधी सांगायची नाही, हा धंद्याचा कायदा. पण गिऱ्हाईक साडेचार वर्षांचं होतं आणि फाटक पहिलंच होतं.

"चुकलं माझं," हनीफ म्हणाले. मग, सवयीने, आणखी दोनदा म्हणाले. "चुकलं माझं. तुझ्या बापाचं चुकलं."

नजमाने हे शांतपणे ऐकून घेतलं.

"मग दाखवा," ती म्हणाली. "लावून बघू."

आता मात्र मिस्त्रींचा चेहरा खरोखर उतरला. पोरीने कायदा तोंडपाठ केला होता. माणसाच्या शब्दावर जायचं नाही, कुणाच्याच. एकवीसचा पाना आणायचा कुठून? ट्रकवाल्यांच्या गॅरेजात असेल एखादा. पण स्कूटरवर बसून गेलं, तरी बारा वाजायच्या आत परत... ते दाराकडे निघाले, आणि पाठमोरे झाले.

सलिमाने त्या पाठीकडे बघितलं. नव्या इस्त्रीच्या पँटचा मागचा खिसा, रेक्झिनचं ठिगळ, आणि त्यातून डोकावणारी लोखंडी नळी.

"अहो, थांबा! खिशात काय आहे?"

"प्लग पाना. का?"

"त्याचा नंबर काय?"

"त्याला कसला नंबर? प्लग पाना म्हणजे प्लग पाना." बोलता बोलता हनीफनी तो बाहेर काढला. वर्षानुवर्षांचं तेल आणि काजळी. रोज हाताने ओळखायचा, डोळ्याने कधी बघितलाच नव्हता. त्यांनी नळीचं तोंड सदऱ्याला पुसलं. सलिमा, जिने तो सदरा धुवायचा होता, त्या वेळी एक शब्दही बोलली नाही. काळ्या थराखालून आधी दोन उगवला. मग एक.

हनीफ मिस्त्री कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. पोरीला सगळं जग नंबराने शिकवलं, आणि जो पाना दिवसातून वीस वेळा हातात यायचा, त्याचाच नंबर विचारायचा राहिला होता.

"हा बघ," ते हळूच म्हणाले. "होता. माझ्याच खिशात होता."

नजमाने पाना हातात घेतला, आकड्यावरून बोट फिरवलं, पण तोंडाने कबूल केलं नाही. ती सरळ बाहेर गेली. मागोमाग हनीफ, सलिमा, शालनबाई आणि बस्करं सोडायची नाहीत हा नियम विसरलेली एकोणतीस मुलं. हिंदुरावांच्या स्कूटरचं बाजूचं झाकण निघालं. नजमाने दोन्ही हातांनी नळी प्लगवर सरकवली. हलवून बघितली.

"धरला!"

"फिरव," हनीफ म्हणाले आणि तिच्या हातांवर आपला हात ठेवला. प्लग करकरला, सैल झाला आणि बाहेर आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

नजमा वळली, पाना छातीशी धरून आत गेली, कोपऱ्यातलं बस्कर ओढत आपल्या रांगेत आणलं, आणि त्यावर मांडी घालून बसली. तिला कुणीही हात लावला नव्हता.

"हत्यारं शाळेत चालत नाहीत हं," शालनबाई म्हणाल्या.

नजमाने पाना फ्रॉकखाली घेतला. शालनबाईंनी फ्रॉकखालच्या फुगवट्याकडे बघितलं. "आजच्या दिवस," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

बाहेर एका हातात प्लग घेऊन हनीफ उभे राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं. "सलिमा, प्लग बसवायचा कशाने?"

"मला काय विचारता? नटाला विचारा," सलिमा म्हणाली, आणि पदर सावरत, हसत, पायी घराकडे निघाली. तिला चार कव्हरं द्यायची होती.

साडेअकराला हिंदुराव आपली स्कूटर शोधत समाजमंदिरापाशी आले. गाडी उघडी पडलेली आणि मिस्त्री व्हरांड्याच्या पायरीवर बसलेले.

"काय राव मिस्त्री, माज्या गाडीनं काय गुन्हा केला? शाळेत डांबली तिला?"

हनीफनी सगळं सांगितलं. लपवलं नाही काहीच, एकवीससुद्धा. हिंदुरावांचं पोट हलायला लागलं ते थांबेना. "म्हंजी वरीसभर फुकट! व्हय ना? बोलला हुता न्हवं?"

"बोललो होतो. हळू बोला, आत शिकवतायत."

हिंदुरावही शेजारी टेकले. पायरी भरली. दुसरीतून शाळा सोडल्यापासून हनीफ मिस्त्री पहिल्यांदाच घंटेची वाट बघत शाळेपाशी बसले होते, आणि त्यांना कुणी काही भरायला सांगत नव्हतं.

आतून आवाज आला. आधी शालनबाईंचा, मग तीस मुलांचा, आणि त्यात एक आवाज गिऱ्हाइकासारखा, सगळ्यांच्या वर: "एक! दोन! तीन! चार! पाच!" इथे सगळी मुलं थांबली, पण तो एक आवाज थांबला नाही. "सहा, सात, आठ..." मग बाकीची मुलंही तिच्यामागून म्हणू लागली.

पायरीवरून हनीफही सवयीने मोठ्याने साथ देत होते: "...एकोणीस, वीस, बावीस!" हातातला प्लग गुडघ्यावर ताल धरत होता.

दार किलकिलं झालं आणि शालनबाईंचं डोकं बाहेर आलं.

"मिस्त्री, मनातल्या मनात म्हणा. तुमच्यामुळे आत एकवीसला सगळे अडखळतायत."